छावणीबाहेरचे सात दिवस

शास्त्रपाठ : गणना, अध्याय १२ वा



इस्राएल लोकांत मिर्याम ही काही सामान्य स्त्री नव्हती. तान्ह्या मोशेला पेटीत घालून नदीकाठच्या लव्हाळ्यांत ठेविले, तेव्हा दूर उभी राहून त्याच्यावर नजर ठेवणारी बहीण ती हीच, असे मंडळी प्राचीन काळापासून मानीत आली आहे. तांबडा समुद्र ओलांडून लोक सुखरूप पार झाले, तेव्हा हाती डफ घेऊन सर्व स्त्रियांच्या पुढे गात निघाली तीही हीच. शास्त्र तीस संदेष्ट्री म्हणते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ती लोकांची पुढारीण होती. तिचे नाव सर्वांच्या तोंडी होते आणि तिच्या शब्दाला छावणीत मान होता.

अशा ह्या थोर स्त्रीविषयी गणनेच्या बाराव्या अध्यायात एक दुःखाची हकीकत लिहिली आहे. मोशेने एका कूशी स्त्रीशी लग्न केले होते. कूश हा मिसर देशाच्या दक्षिणेकडील मुलूख. तेथील लोक वर्णाने काळे. ह्या परमुलखातून आलेल्या भावजयीचे निमित्त करून मिर्याम व अहरोन ही दोघे मोशेविरुद्ध बोलू लागली. त्या स्त्रीविषयी ती दोघे नेमके काय बोलली, तिच्या वर्णाविषयी, कुळाविषयी, की भाषेविषयी, हे शास्त्राने लिहून ठेविले नाही. परंतु परमेश्वराने ते बोलणे ऐकले, एवढे मात्र स्पष्ट लिहून ठेविले आहे. मग तिघांस दर्शनमंडपापाशी बोलावणे आले. परमेश्वराचा कोप झाला, मेघ मंडपावरून निघून गेला, आणि पाहतात तो मिर्यामेच्या सर्वांगावर कोड उठून ती बर्फासारखी पांढरी झालेली! काळ्या वर्णाच्या कुळातील स्त्रीवरून जिने बोल लाविला, तिचीच कातडी पांढरी झाली. ह्यात काय बोध आहे ह्याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

अहरोन गयावया करू लागला. आणि ज्याच्याविरुद्ध ती बोलली त्या मोशेनेच तिच्यासाठी परमेश्वराचा धावा केला. तेव्हा निवाडा झाला तो असा की, तिने सात दिवस छावणीबाहेर कोंडून राहावे, आणि मग तीस आत आणावे. ती आत येईपर्यंत लोकांनी आपला मुक्काम हलविला नाही.

ही जुनी हकीकत आज आपणांपुढे ठेवण्याचे कारण असे. अलीकडच्या वर्षांत पुष्कळ नामांकित माणसे दुसऱ्याच्या वंशावरून, वर्णावरून अथवा जातीवरून अपशब्द बोलल्यामुळे आपल्या कामास, पदास व लौकिकास मुकली. त्यांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचितो, मोबाईलवर पाहतो, आणि पारावर बसून त्यांचा निवाडाही करितो. कोणी म्हणतो, एका शब्दासाठी एवढी शिक्षा कशाला? जिभेला काय हाड असते? दुसरा म्हणतो, असल्या माणसास पुन्हा तोंड दाखवू देऊ नये. मिर्यामेची हकीकत ह्या दोघांसही उत्तर देते. शब्दाची शिक्षा खरोखर आहे. आणि त्या शिक्षेला मापही आहे.

पहिली गोष्ट ही की, शब्द ऐकला जातो. मिर्याम कदाचित तंबूच्या आडोशाला बोलली असेल. घरातल्या घरात, भावाजवळ भावजयीविषयी बोललेला तो शब्द. तथापि तो ऐकला गेला.

इंग्लंडचा एक गोलंदाज, ऑली रॉबिन्सन, २०२१ सालच्या जून महिन्याच्या २ तारखेस लॉर्ड्सच्या प्रसिद्ध मैदानावर आपला पहिला कसोटी सामना खेळावयास उतरला. त्याच सकाळी त्याच्या संघाने भेदभावाचा निषेध करणारे शब्द छापलेले अंगरखे घातले होते. आणि त्याच दिवशी २०१२ व २०१३ साली त्याने ट्विटरवर लिहिलेली वंशद्वेषाची व स्त्रियांचा अवमान करणारी जुनी वाक्ये लोकांपुढे आली. ती लिहिली तेव्हा त्याचे वय अठराएकोणीस वर्षांचे होते. त्याने क्षमा मागितली. त्या सामन्यात त्याने सात बळीही घेतले. पण सामना संपताच त्याला आंतरराष्ट्रीय खेळातून दूर करण्यात आले. अंगावरील कापडाचे शब्द एक आणि पूर्वी हातून गेलेले शब्द दुसरेच, असे त्या दिवशी जगाने पाहिले. आठनऊ वर्षांपूर्वीचा शब्द मेला नव्हता. तो वाट पाहत बसला होता.

हे दूरच्या देशाचे झाले. आता जवळचे पाहू. हिंजवडीपासून थोड्याच अंतरावर, द्रुतगती मार्गाच्या कडेला, गहुंजे येथे क्रिकेटचे मोठे मैदान आहे. तेथे २०१७ सालच्या जानेवारीत भारत व इंग्लंड ह्यांचा सामना झाला, त्यात युवराज सिंग खेळले होते. कर्करोगातून उठून पुन्हा मैदानावर उतरलेला हा वीर. त्यांच्याविषयी लोकांस मोठे प्रेम. २०२० साली, टाळेबंदीच्या दिवसांत, एका सोबत्याशी इंटरनेटवर जाहीरपणे गप्पा मारताना त्यांनी दुसऱ्या एका खेळाडूस थट्टेने एक नाव दिले. ते नाव म्हणजे उत्तर हिंदुस्थानात सफाईचे काम ज्यांच्या माथी मारण्यात आले त्या जातीचे नाव होते. ते आम्ही येथे छापीत नाही. बोलणारा हसत होता. ज्या लाखो लोकांचे ते नाव, त्यांस हसू आले नाही. हरयाणातील हांसी येथे तक्रार झाली. युवराज सिंग ह्यांनी त्याच जून महिन्यात दिलगिरी प्रकट केली. तथापि २०२१ साली गुन्हा नोंदला गेला, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पोलिसांनी त्यांस रीतसर अटक करून जामिनावर सोडिले. मित्रामित्रांतील थट्टा पोलीस ठाण्याच्या दाराशी गेली.

‘मी सहज बोललो’ हे उत्तर आपण सर्वांनी ऐकिले आहे. बंधूंनो, विचार करा, सहज बोललेला शब्द हाच अधिक भयंकर नव्हे काय? रागाने काढलेला शब्द रागाबरोबर जातो. सहज निघालेला शब्द मनात कायमची वस्ती करून राहिलेला असतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात प्रभूने खुनाविषयी बोलता बोलता भावाला दिलेल्या शिवीची गोष्ट काढिली, आणि ‘राका’ हा त्या काळच्या रस्त्यावरचा तुच्छतेचा शब्द नाव घेऊन सांगितला. हत्या आणि शिवी ह्यांस प्रभूने एकाच पाठात आणिले, ह्यावरून त्याच्या दृष्टीने त्या दोहोंत किती थोडे अंतर आहे ते दिसते.

दुसरी गोष्ट ही की, बोलणाऱ्याचा मान मोठा म्हणून त्याचा शब्द लहान होत नाही. मिर्याम संदेष्ट्री होती, मोशेची सख्खी बहीण होती. तरी ती छावणीबाहेर गेली.

आपल्या पुण्याने एके काळी ह्याच्या उलट रीत पाहिली आहे. बाळू पालवणकर हे चर्मकार जातीत जन्मलेले थोर गोलंदाज. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळू लागले, तेव्हा त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चालत असे. चहा मात्र त्यांस बाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यातून देत. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी शंभरांहून अधिक बळी घेतले. तरीसुद्धा हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्यास कधी आले नाही. पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांस तो मान मिळाला. त्या काळी अपमान करणाराचे काही जात नसे. अपमान सोसणाराचेच पद जात असे. मातीचा पेला पुढे करणाऱ्या एकाचेही नाव संघातून वगळले गेले नाही.

ती रीत पालटावी म्हणून पुष्कळांनी कष्ट केले, आणि शेवटी कायदाही झाला. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांस आळा घालणारा १९८९ चा कायदा, ज्यास आपल्या गावांत ‘अॅट्रॉसिटी’ म्हणतात, तो लोकांसमक्ष जातीवरून शिवी देणे हा अपराध ठरवितो. त्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. कायद्याच्या भाषेत हा अपराध पाटलाने केला काय आणि नटाने केला काय, सारखाच. तेव्हा थोरामोठ्यांस शब्दाचा जाब द्यावा लागतो हे पाहून कोणी हळहळू नये. आपल्या वाडवडिलांनी मान खाली घालून जे ऐकिले, ते ऐकविणाऱ्यास आज मान खाली घालावी लागते. ह्यात न्यायाचा अंश आहे.

तिसरी गोष्ट बोलावयास कठीण आहे, म्हणून ती अधिक लक्ष देऊन ऐकावी. अपमान सोसल्याने जीभ आपोआप शुद्ध होत नाही. मिर्याम ही मिसरात दास्य भोगलेल्या लोकांतली. परका म्हणून हिणविणे म्हणजे काय हे तीस लहानपणापासून ठाऊक. तरी परक्या स्त्रीविरुद्ध बोलावयास तीच पुढे झाली.

२००७ सालच्या जानेवारीत मुंबईच्या चित्रपट नटी शिल्पा शेट्टी विलायतेतील एका कार्यक्रमात गेल्या. आपल्याकडे ‘बिग बॉस’ म्हणून जो प्रकार दाखवितात, त्याचाच तो मूळ नमुना : प्रसिद्ध माणसे एका घरात कोंडावयाची आणि त्यांचे बोलणेचालणे दूरचित्रवाणीवर सर्वांस दाखवावयाचे. त्या घरात जेड गुडी नावाच्या इंग्रज तरुणीने व तिच्या सोबतिणींनी शिल्पाबाईंचे बोलणे, त्यांचा स्वयंपाक, त्यांचे नाव ह्यांची कुचेष्टा केली. जेडने तर त्यांच्या आडनावाच्या जागी पापडाचे नाव लाविले. चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षकांनी तेथील सरकारमान्य नियामक संस्थेकडे तक्रारी केल्या. कार्यक्रमास पैसा पुरविणाऱ्या कंपनीने हात काढून घेतला. लोकांनी मते देऊन जेडला घराबाहेर काढिले. तिच्या नावाने विकले जाणारे अत्तर दुकानांतून हलविण्यात आले. ज्या प्रसिद्धीवर तिचे पोट चालत होते, ती एका आठवड्यात मातीमोल झाली. शिल्पाबाई त्या कार्यक्रमात विजयी झाल्या, आणि आपल्या देशातील घरोघरी लोकांस वाटले की न्याय झाला.

येथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. परंतु दहा वर्षांनी, २०१७ सालच्या डिसेंबरात, शिल्पाबाईंची काही काळापूर्वीची एक मुलाखत पुढे आली. तीत त्यांनी स्वतःच्या रूपाविषयी थट्टेने बोलताना, वर सांगितलेले तेच सफाईकामगारांच्या जातीचे नाव वापरिले होते. वाल्मीकी समाजाच्या लोकांनी ठिकठिकाणी निषेध केला, राजस्थानात गुन्हा नोंदला गेला, आणि शिल्पाबाईंनी जाहीर क्षमा मागितली. पुढे २०२४ साली राजस्थानच्या उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा तो गुन्हा रद्द केला. न्यायालयाचा निवाडा आम्हांस मान्य आहे. आम्ही येथे अपराधाचा नव्हे, तर सवयीचा विचार करीत आहो. विलायतेत जिच्या नावाची थट्टा झाली आणि जिच्या डोळ्यांतले पाणी जगाने पाहिले, तिच्याही तोंडून दुसऱ्या कोणाच्या जातीचे नाव थट्टेचा शब्द म्हणून निघाले. मनुष्याची जीभ अशी आहे. वरून आलेला घाव तिला आठवतो. आपण खाली घातलेला घाव तिला कळत नाही.

आता हिंजवडीकडे पाहा. मुळशी तालुक्यातील हे एक शेतकऱ्यांचे गाव. ज्या जमिनीत पीक उभे राहत असे, तेथे आज राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि हिंजवडी, माण, मारुंजी, वाकड ह्या गावांतील खोल्याखोल्यांत सर्व प्रांतांतील माणसे राहावयास आली आहेत. कोणी बिहारातून येऊन विटा वाहतो, कोणी ओरिसातून येऊन भिंती रंगवितो, कोणी आसाम-मणिपुराकडून येऊन खाणावळीत काम करितो, दारावर पहारा करितो, किंवा संगणकापुढे बसतो. त्यांस आपण काय म्हणून हाक मारितो? कोणास प्रांतावरून पडलेले नाव, कोणास कातडीच्या रंगावरून, कोणास डोळ्यांच्या ठेवणीवरून. भाडे घेताना त्यांचे नाव वहीत नीट लिहून घेतो. हाक मारताना मात्र ते विसरतो.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. २०१२ सालच्या ऑगस्ट महिन्यात ह्याच पुणे शहरात ईशान्येकडील काही तरुणांस मारहाण झाली, आणि मोबाईलवरून पसरलेल्या अफवांनी भयभीत होऊन पुणे, बंगळूर, मद्रास अशा शहरांतून त्या भागाचे हजारो लोक आगगाड्या भरून घरी पळाले. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या गृहमंत्रालयाने सर्व राज्यांस कळविले होते की, त्या भागातील अनुसूचित जमातींच्या माणसांस चेहऱ्यावरून हिणविणारे नाव ठेवणे हाही अॅट्रॉसिटीच्या कायद्याखाली अपराध समजावा. २०१४ साली अरुणाचल प्रदेशाचा एक विद्यार्थी दिल्लीत बाजारात गेला असता, त्याच्या केसांवरून व रूपावरून थट्टा झाली. थट्टेवरून भांडण, भांडणावरून मारहाण, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा प्राण गेला. शब्द आधी जातो, हात मागून येतो.

आणि हेही ध्यानात घ्या की, मिझोरम, नागालँड, मणिपूर येथून आलेल्या ह्या तरुणांपैकी पुष्कळ आपल्याच प्रभूचे नाव घेणारे आहेत. रविवारी ते आपल्या उपासनेत येऊन मागच्या बाकावर बसतात. ज्याच्याबरोबर आपण एकाच भाकरीचे व एकाच प्याल्याचे वाटेकरी होतो, त्यास बाहेर रस्त्यावर आडनाव ठेवून हाक मारणे, हे बाळू पालवणकरांस मातीचा पेला देण्यापेक्षा कोणत्या रीतीने निराळे आहे?

चौथी गोष्ट शिक्षेच्या मापाची. परमेश्वराने मिर्यामेस छावणीबाहेर घालविले खरे. पण दिवस मोजून घालविले. सात दिवस. तिचे पाप झाकिले नाही, आणि तीस टाकूनही दिले नाही.

ज्या रॉबिन्सनची गोष्ट वर सांगितली, त्याच्याविषयी क्रिकेटच्या शिस्त मंडळाने चौकशी करून ३० जून २०२१ रोजी निर्णय दिला. आठ सामन्यांची बंदी. त्यांपैकी पाच सामन्यांची बंदी दोन वर्षे तहकूब. उरलेले तीन सामने त्याने आधीच गमाविले होते. आणि ३,२०० पौंड दंड. ऑगस्टात तो पुन्हा खेळावयास उतरला, तोही भारताविरुद्धच, आणि लीड्सच्या सामन्यात सामनावीर ठरला. तेथे काय घडले पाहा. अपराधास नाव दिले गेले, शिक्षा मोजून दिली गेली, ती भोगून झाल्यावर दार उघडले गेले. व्यवहारी लोकांच्या मंडळासही जे कळले, ते मंडळीस कळू नये काय?

जेड गुडीच्या गोष्टीचा शेवट तर डोळ्यांत पाणी आणणारा आहे. तिने क्षमा मागितली होती. २००८ सालच्या ऑगस्टात ती आपल्या देशात ‘बिग बॉस’च्या घरात आली, आणि त्या कार्यक्रमाचे सूत्रचालन करीत होत्या शिल्पा शेट्टीच. जिने हिणविले आणि जिला हिणविले, त्या दोघी एकाच कामात एकत्र आल्या. तेथे असतानाच जेडला कर्करोग झाल्याचे कळविण्यात आले आणि ती मायदेशी परतली. २००९ सालच्या मार्चात रुग्णालयाच्या प्रार्थनामंदिरात आपल्या दोन लहान मुलांसह तिने बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ती मरण पावली. जर जगाने तीस त्या एका आठवड्याच्या शब्दांतच कायमची गाडून टाकिली असती, तर समेटाचे हे थोडे दिवस तीस कोठून मिळाले असते? मनुष्य आपल्या सर्वांत वाईट शब्दाहून मोठा असतो. कारण त्याच्यासाठी जी किंमत दिली गेली ती त्या शब्दाहून मोठी आहे.

येथे अहरोनाचीही आठवण ठेवावी. तोही बोलला होता. कोड मात्र मिर्यामेस फुटले. जगातही असेच होते. एका खोलीत दहाजण हसतात, आणि एकाचेच बोलणे बाहेर जाते. त्या एकाची नोकरी जाते, आणि बाकीचे नऊजण त्याच्यावर दगड उचलितात. अहरोनाने दगड उचलिला नाही. पाप आम्हां दोघांचे आहे अशा अर्थाचे बोलून तो मोशेपुढे वाकला. एखाद्या प्रसिद्ध मनुष्याची फजिती मोबाईलवर पाहून दुसऱ्यास पाठविण्यापूर्वी आपण अहरोनाच्या जागी उभे आहो काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

पाचवी व शेवटची गोष्ट त्या कूशी स्त्रीची. ह्या सर्व अध्यायात तिचा एकही शब्द नाही. तिचे नावसुद्धा नाही. मिर्यामेसाठी अहरोन बोलला, मोशे बोलला, लोक सात दिवस थांबले. त्या सात दिवसांत तिच्या तंबूत कोणी गेले काय, हे शास्त्र सांगत नाही. पण मंडळीने तेथे गेलेच पाहिजे. क्षमा करणाऱ्यांची घाई नेहमी अपमान सोसणाऱ्याच्या दाराशी येऊन थांबते, आणि त्यालाच म्हणते, आता विसरून जा. असे करू नये. मोशेने मिर्यामेसाठी प्रार्थना केली ती आपल्या मनाने. कोणी त्याच्या मागे लागून करविली नाही. ज्याने घाव खाल्ला त्यास प्रथम विचारावे : भाऊ, तुला काय हवे? बाई, तुमचे म्हणणे काय?

आपल्या लोकांच्या बाबतीत हा प्रश्न मोठा कठीण आहे. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची जी व्याख्या केली, तीत ख्रिस्ती झालेल्यांस स्थान मिळाले नाही. शिखांस १९५६ साली व बौद्धांस १९९० साली ते मिळाले. २०२५ साली आंध्र प्रदेशाच्या उच्च न्यायालयापुढे एका पाळकाची तक्रार आली, की आपणांस जातीवरून शिवीगाळ व मारहाण झाली. न्यायालयाने म्हटले की, ख्रिस्ती धर्म स्वीकारून पाळकाचे काम करणाऱ्या मनुष्यास त्या विशेष कायद्याचे संरक्षण मागता येत नाही. म्हणजे शिवी देणारा आपली जुनी जात विसरत नाही. कायदा मात्र ती विसरतो. तेव्हा ज्यांच्यापाशी कायद्याची ही ढाल नाही, त्यांच्यापाशी निदान मंडळी तरी उभी असली पाहिजे. मारहाण, धमकी वा अब्रूची हानी झाली असता देशाचा सर्वसाधारण कायदा सर्वांसाठी आहे. त्याचा आश्रय घेण्यात अविश्वास नाही. पौलाने फटक्यांपूर्वी आपले रोमी नागरिकत्व पुढे केले, आणि पुढे कैसराकडे दाद मागितली. म्हणून त्याची प्रार्थना काही उणी झाली नाही.

उपदेशक बंधूंनी येत्या रविवारी हा अध्याय मंडळीपुढे वाचावा, आणि तीन गोष्टींविषयी मोकळेपणाने बोलणे घडवून आणावे, अशी आमची विनंती आहे. आपल्या गावात कोणत्या माणसास त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली जात नाही? आपल्या लग्नकार्यांत व घरांत पूर्वीच्या जातीवरून एकमेकांस टोमणे मारण्याची चाल अजून आहे काय? आणि मंडळीतील कोणी असा शब्द बोलला, तर त्यास किती दिवस बाहेर ठेवावयाचे, आणि आत आणण्यासाठी कोणी जावयाचे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरवून ठेविलेले बरे. अपराध घडल्यावर राग तरी फार असतो, किंवा भीड तरी फार असते, आणि दोन्ही वेळी दिवस नीट मोजले जात नाहीत.

हसेरोथच्या रानात एका बोलक्या स्त्रीसाठी सर्व प्रजा सात दिवस थांबली. वचनदत्त देशाची वाट लांब होती, तरी कोणी म्हटले नाही की तीस येथेच सोडून पुढे चला. आणि तीस बाहेर जावयाचे नाही, असेही कोणी म्हटले नाही. न्याय व दया ही दोन्ही ज्याच्या हाती आहेत तो प्रभु आपल्या ओठांवर पहारा ठेवो. ज्यांस आपण नावे ठेविली त्यांची खरी नावे आपणांस शिकवो. आणि जे आज छावणीबाहेर बसले आहेत, त्यांचा सातवा दिवस उजाडेल तेव्हा दार उघडावयास आपणांस जागे ठेवो. आमेन.